नाकमोकळीची दोन पाने

विषय : सर्दीवर नाकमोकळीची दोन पाने मिळणेबाबत.
संदर्भ : तांबू भेकरीण हिचा अर्ज क्रमांक सतरा.

मुलांनो, वरील अर्ज एका जंगलातला आहे. त्या जंगलात नाकमोकळी नावाचा वेल होता. त्याचे पान चघळले की चोंदलेले नाक घटकाभरात मोकळे होई.

पुढे कोणीतरी त्याच पानांचा ढीग उकळून घुमरी बनवू लागले. घुमरी चाटली की वानरांना आपण पक्षी आहोत असे वाटे. तीन वानर उंबरावरून उडाले. तिघेही खाली सापडले.

राजाने वेलाला कुंपण घातले. हे योग्यच झाले. मग कुंपणापाशी कार्यालय उघडले.

तिथे घोरपडबाई बसत. नियम सोपा होता. आजाऱ्याला महिन्याला दोन पाने. मात्र आजार खरा असल्याचे दिसावे म्हणून अर्जदाराने बाईंच्या समक्ष शिंकावे.

तांबूचे नाक आठ दिवस बंद होते. भेकराचे नाक बंद म्हणजे वाघ शेजारी येऊन बसला तरी पत्ता नाही.

"बाई, जरा लवकर करा. ओढ्याला वाघ फिरतोय म्हणतात."

"इथे येणाऱ्या प्रत्येकाला घाईच असते. शिंका."

तांबू शिंकली. बाईंनी उचललेला शिक्का खाली ठेवला.

"आता काय झालं?"

"ऐन कामाच्या वेळी शिंकलात की हो! अपशकुन झाला. आज शिक्का नाही मारता येणार. उद्या या."

"अहो, तुम्हीच शिंकायला सांगितलंत!"

"सांगितलं ते नियमाने. थांबले ती रीतीने. मला दोन्ही सांभाळावं लागतं."

दुसऱ्या दिवशी तांबू बाहेरच शिंकून आत आली. ती शिंक समक्ष नव्हती, म्हणून धरली नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंना दया आली. "आधी शिंका, मग तासभर बसा. तेवढ्यात अपशकुन उतरेल."

तांबू शिंकली आणि तासभर बसली. बाईंनी शिक्का उचलला. तांबूला पुन्हा शिंक आली. सर्दीच ती.

तेवढ्यात कोल्हेशेठ आले. मागे दोन तरस रिकामी पोती घेऊन उभे.

"बाई, नेहमीची सहा पोती पाला."

शिक्का लगेच बसला.

"यांना नाही शिंकायला लावलंत?" तांबूने विचारले.

"ते कुठे आजारी आहेत? नियम आजाऱ्यांसाठी आहे."

"मग एवढा पाला कशाला लागतो त्यांना?"

"ते विचारायचा रकाना फॉर्मात नाही."

शेठ हसले. "वहिनी, आधी नाक पुसा. कार्यालयात आहात."

त्या आठवड्यात आणखी पाच वानर उडाले.

चौथ्या दिवशी कार्यालयाकडे येताना तांबू ओढ्यावर पाणी प्यायला थांबली. वारा वाघाकडूनच तिच्याकडे वाहत होता. त्याचा दर्प ओढ्यावरच्या सगळ्यांना आला. सगळे पळाले. तांबू पाणी पीत राहिली.

घोरपडबाईंनी एक वाजेपर्यंत वाट पाहिली. मग अर्जावर शेरा लिहिला, "अर्जदार समक्ष शिंकण्यास गैरहजर."

तात्पर्य : मुलांनो, औषध मागायला आजारी असताना जाऊ नये. धडधाकट असावे आणि सोबत पोती न्यावीत.

अर्ज क्रमांक सतरा अद्याप प्रलंबित आहे.