नवऱ्याचं पाठांतर

"आत गेल्यावर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कळलं?" कॉलेजच्या जिन्यावरच टेलरबाईंनी नवऱ्याला दम भरला.

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाईंनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

पंचेचाळिशी उलटल्यावर, शिलाईमशीनशेजारी पुस्तक उघडं ठेवून बाई मानसशास्त्र शिकत होत्या. अभ्यास अवघड नव्हता, नवऱ्याची मदत अवघड होती. दुकान बाईंनी काढलं, तर हा गावभर सांगणार, "आम्ही काढलं." गाडी त्या चालवायला शिकल्या, तर "मी शिकवली." ही पदवी तरी निव्वळ आपली असावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण प्रात्यक्षिक परीक्षेचा नियमच असा, की ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस विद्यार्थ्यानेच आणायचा. ठरलेली बहीण ऐनवेळी तापाने आडवी झाली आणि हे ध्यान पदरात पडलं.

प्रयोग स्मरणशक्तीचा होता. अर्थ नसलेल्या शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि त्यातलं किती लक्षात राहतं ते बघायचं. बाईंनी पहिला शब्द वाचला मात्र, नवऱ्याने डोळे मिटून उरलेली यादी घडाघडा म्हणून टाकली. "टिरक, गोझण, मुपळ, दवीठ..." शेवटपर्यंत, एका दमात!

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी चष्मा काढला. "यादी घरी पाठ करून घेतलीत? मग प्रयोग बाद."

"नाही हो मॅडम! देवाशप्पथ नाही!"

"ती कुठली मला यादी देतेय!" नवरा छाती फुगवून म्हणाला. "मीच तिच्या पुस्तकातून गुपचूप पाठ केली. म्हटलं, मार्क कमी पडायला नकोत."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांची मेहनत या माणसाने चार शब्दांत मातीत घातली होती. हातातली पट्टी त्याच्या डोक्यात घालावी असं त्यांना मनापासून वाटलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "ही माझी यादी घ्या. प्रयोग पुन्हा करा."

बाईंनी दातओठ खात नवी यादी वाचली. नवऱ्याला घाम फुटला. त्याने डोळे मिटले. "टिरक, गोझण..." पुन्हा वाचली, पुन्हा टिरक. तिसऱ्यांदाही तेच. नव्या यादीतला एक शब्द येईल तर शपथ!

"असं का होतंय?" मॅडमनी विचारलं.

हा तोंडी परीक्षेचा प्रश्न आहे, हे बाईंच्या लक्षातच आलं नाही. त्या भडकल्या.

"का म्हणजे? जुनं डोक्यात इतकं घट्ट बसलंय की नवीन शिरायला जागाच नाही! नवं सांगायला जावं, तर तोंडातून जुनंच बाहेर येतं! बावीस वर्षं बघतेय मी!"

"अगदी बरोबर," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "आधीचं शिकलेलं नव्याच्या आड येतं. उदाहरणही छान आणलंत. पास."

बाई सामान आवरून बाहेर आल्या, तर नवरा मुलीला फोनवर सांगत होता, "पास झालो गं आपण! मी पाठ केलं नसतं, तर आईला ते उत्तर सुचलंच नसतं."

संतापाची गोष्ट ही, की ते खरं होतं. बाईंनी फोन हिसकावून घेतला. "नीट ऐक. तुझ्या बाबांना शून्य मिळालंय. पास मी झालेय. मी एकटी!" आणि फोन बंद केला.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो जिना उतरू लागला. मग हळूच म्हणाला, "शून्य खरंच लिहिलंय का गं? माझ्या नावापुढे?"

"लिहिलंय."

"मग उद्या दोघं येऊ या. मी रात्रीत पाठ करतो ती दुसरी यादी."