रामटेकेकाकांचं पाणी

आमच्या मिल्टन कीन्समधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत ग्लास कुठल्या कपाटात असतात, हे रामटेकेकाकांना ठाऊक आहे. कारण काका कुणाच्या हातचं पाणी घेत नाहीत. तुम्ही ट्रे घेऊन समोर गेलात की ते "राहू दे, राहू दे" म्हणतात आणि उठून थेट किचनमध्ये जातात. नळ सोडतात, उभ्याउभ्या ग्लास रिकामा करतात, विसळून पालथा घालतात आणि मग बसायला येतात. चहा चालतो, सरबत चालतं, माझ्या बायकोनं, म्हणजे स्वातीनं केलेलं झणझणीत मटणही चालतं. पाणी तेवढं चालत नाही.

"पाणी माणसानं आपल्या हातानं घ्यावं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

स्वातीला याचा भारी राग यायचा. "आपल्यातलेच ना ते? विहारात माझ्या शेजारी बसतात. मग माझ्या हातच्या पाण्याचं काय वाकडं आहे?" मी म्हणायचो, काका जन्मभर वॉटर कंपनीत इंजिनियर होते, नळाशिवाय कुणावर भरवसा नसेल त्यांचा. खरं तर मलाही हे फारसं पटायचं नाही.

मध्यंतरी काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर हाताला ड्रिप, आणि काका वरच्या पिशवीकडे संशयानं बघतायत. "सिस्टर, कुड यू हँग इट अ बिट लोअर?" खाली लावली तर यायचंच नाही, असं त्या बिचारीनं समजावलं. "वरूनच कशाला पाहिजे पण?" काका माझ्याकडे बघून पुटपुटले. एवढा इंजिनियर माणूस! घरी येऊन मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो.

काकांचा दुसरा नाद म्हणजे प्रेक्षणीय स्थळं. उन्हाळा असो की पाऊस, काका थ्री-पीस सूट आणि निळा टाय घालूनच निघतात. "इतिहासाला भेटायला जायचं तर नीट जावं बाप्पा!" आणि कुठंही गेले तरी गाईडनं तोंड उघडायच्या आत त्यांचा प्रश्न तयार असतो, "पाणी कुठलं?" स्टोनहेंजला एक गोड मुलगी आम्हाला सूर्य, सावल्या असं काहीबाही सांगत होती. काका म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण एवढाले दगड ओढणारी माणसं प्यायची काय? ती म्हणाली, "द रिव्हर, आय सपोज." "अँड हू कॅरीड इट?" तिनं घाईघाईनं पुन्हा सूर्याकडे बोट दाखवलं. परतीच्या वाटेवर काका कमालीचे खूश होते.

असे हे काका गेल्या वर्षी चीनला निघाले. क्रांतीचा मुलूख बघायचा म्हणाले, जिथं चिनी क्रांतिकारकांची फौज घडली ते जिआंग्शी प्रांतातले डोंगर. या वयात एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी आणि स्वाती सोबत गेलो.

मुलूख खरोखर देखणा होता. बांबूची घनदाट जंगलं, डोंगरमाथ्यावर धुकं आणि दर वळणाला धबधबा. जुन्या बराकींपाशी चिनी पर्यटक भाड्यानं करडे युनिफॉर्म आणि चांदणीच्या टोप्या घेऊन फोटो काढत होते. आमची गाईड लिन एक टोपी काकांसाठी घेऊन आली. काकांनी टायची गाठ नीट केली. "नो थँक यू, माय डिअर. आय हॅव माय ओन रेव्होल्यूशन." तिला काय कळलं कोण जाणे, पण थोड्याच वेळात तिकडची माणसं काकांसोबत फोटोसाठी रांग लावून उभी होती आणि काका छाती पुढे काढून प्रत्येकाला पावत होते.

बसमध्ये ते मला म्हणाले, "हे लोक डोंगर तुडवत केवढे लांब चालले. आपली माणसं एका तळ्यापर्यंतच चालली. पण ओंजळभर पाणी प्यायली! आपलं चालणं काही कमी नाही, सुनील."

शेवटच्या दिवशी लिननं आम्हाला रुइजिनजवळच्या एका विहिरीवर नेलं. पूर्वी त्या गावचे लोक डबक्याचं गढूळ पाणी प्यायचे. क्रांतिकारक तिथं राहायला आले तेव्हा त्यांनी गावकऱ्यांना घेऊन ही विहीर खणली. पाणी पिताना विहीर खणणाऱ्याला विसरू नका, असं तिथल्या दगडावर कोरलेलं आहे. काका हरखून गेले. जगात पहिल्यांदाच त्यांनी न विचारता कुणी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

पण विहिरीवर एक आजीबाई होत्या. त्या बादली शेंदायच्या, लोक रांगेनं ओंजळ पुढे करायचे आणि त्या लांब दांड्याच्या पळीनं पाणी ओतायच्या. मी आणि स्वातीनं एकमेकांकडे बघितलं. काकांचा नंबर आला. त्यांनी पळी मागितली. आजीबाईंनी मान हलवली. लिन म्हणाली, "ती म्हणते, पाहुण्यानं स्वतः घ्यायचं नसतं."

मागं रांग वाढत होती. काका कधी कुणाचा खोळंबा करत नाहीत, पण त्या दिवशी ते हललेच नाहीत. मग ते लिनशी सावकाश बोलू लागले, सोप्या इंग्रजीत.

"माझी आई रोज सकाळी गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची. दोराला हात लावायची सोय नव्हती. कुणाच्या मनात आलं तर ते पाणी ओतायचे. उंचावरून, कुठं काही शिवू नये म्हणून. अर्धं घागरीत, अर्धं तिच्या अंगावर. मी पदर धरून उभा असायचो. तेव्हाच ठरवलं, आपण हात पुढे करायचा नाही. म्हणून मी पाण्याचं शिकलो."

मला ती ड्रिप आठवली. स्वातीनं माझा दंड घट्ट धरला होता.

लिननं सगळं चिनी भाषेत सांगितलं. आजीबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पळीचा दांडा काकांच्या हातात दिला आणि स्वतःच्या दोन्ही हातांची ओंजळ त्यांच्यासमोर धरली.

काका गोंधळले. मग त्यांनी पळी बुडवली आणि अगदी खाली, त्यांच्या बोटांना टेकवून, पाणी ओतलं. आजीबाई प्यायल्या. तोंड पुसून त्यांनी पळीसाठी हात पुढे केला. काकांनी ती दिली. आणि मग आमच्या रामटेकेकाकांनी, सूट घातलेल्या, टाय लावलेल्या, भर रांगेत, वाकून ओंजळ धरली. पळी त्यांच्या बोटांना टेकली. काका प्यायले तेव्हा त्यांचा टाय भिजला होता आणि डोळेही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की आजूबाजूच्या सगळ्यांना सांगावं, हे आमचे काका आहेत. पण मला चिनी कुठं येतं?

परत आल्यावर एका रविवारी काका आमच्याकडे आले. स्वातीनं सवयीप्रमाणे ट्रे आणलाच नाही. काका किचनकडे गेले नाहीत. सोफ्यावर बसून राहिले.

"स्वाती, पाणी देतेस का गं?"

तिची अशी धांदल उडाली! ठेवणीतला ग्लास काढला, काठोकाठ भरला, अर्धा कार्पेटवर सांडत आणला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"आपल्याच घरचं, काका."

त्यांनी सावकाश सगळा ग्लास संपवला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला.

"अजून दे थोडं."