कोवालेक साहेबांचं माकडहाड

न्यायाधीश थॅडियस कोवालेक खुर्चीवरून पडले, तेव्हा ते नदीत होते.

म्हणजे देहाने ते तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतच होते. गुरुवारची दुपार होती, दोन वाजून गेले होते. बायकोने डब्यात दिलेली हलुश्की, म्हणजे लोण्यात परतलेला कोबी आणि जाड शेवया, पोटात जरा जास्तच झाली होती. खिडकीतून ऑक्टोबरचं मऊ पिवळं ऊन टेबलावर उतरलं होतं आणि खाली सस्क्वेहाना नदी इतकी संथ होती, की ती वाहते आहे की नुसती विचार करत पडली आहे, तेच कळू नये. समोरच्या संगणकावर सुनावणी चालू होती. हल्ली सुनावण्या अशाच होत, ज्याने त्याने आपापल्या जागी बसून. आणि तिथलं इंटरनेट सर्दी झालेल्या माणसासारखं अडखळत असल्याने लांबलचक कागद वाचताना सगळ्यांनी आपापले कॅमेरे बंद ठेवायचे, आवाज तेवढा चालू ठेवायचा, असा रिवाज पडला होता.

जखमी कामगार स्त्रीचे वकील रॉको फॅब्रिझी डॉक्टरांचा अहवाल वाचत होते. अहवाल एकेचाळीस पानांचा होता. सातव्या पानावर साहेबांनी खुर्चीची पाठ मागे रेलली. नवव्या पानावर डोळे मिटले. बाराव्या पानाला ते एका लहानशा होडीत होते. पाण्यावर धुकं होतं, काठावर एक बगळा एका पायावर उभा होता, आणि जगात कुणाचंही काहीही दुखत नव्हतं. वल्हं हातातून थोडं निसटलं. साहेब ते धरायला हळूच वाकले आणि होडी कलंडली.

नेमकं त्याच क्षणी फॅब्रिझी गदगदून म्हणाले, "आणि आज, साहेब, या बाईला स्वतःच्या कोटाचं बटणसुद्धा एका हाताने लावता येत नाही!"

"आई आई गं!" साहेबांचा आवाज आला. "अरे देवा! नाही सहन होत!"

फॅब्रिझींचं बोट ओळीवरच अडकलं.

"साहेब?" फॅब्रिझी चाचरत म्हणाले. "थांबू का?"

"चालू द्या," टेबलाखालून रडवेला आवाज आला. "तुम्ही... तुम्ही वाचा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कामगारांच्या भरपाईच्या या न्यायालयात कायदा काय म्हणतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे वकील वेगळंच विचारतात: न्यायाधीश आधी कोण होता? वकील संघाची एक छोटी पुस्तिका असते. तिच्यात प्रत्येक न्यायाधीशाचा पूर्वेतिहास दहा ओळींत दिलेला असतो. पहिल्या मजल्यावरच्या न्यायाधीशबाई आधी परिचारिका होत्या, म्हणून त्यांच्यापुढे औषधांची नावं जपून उच्चारायची. दुसरे एक कामगार संघटनेचे वकील होते, म्हणून विमा कंपन्यांचे वकील त्यांच्या दारात येताना, आधीच सुकलेल्या घशासाठी, खोकल्याची गोळी चघळत येत. आणि कोवालेक? त्यांनी बावीस वर्षं विमा कंपन्यांची वकिली केलेली. पडलेला माणूस पडलाच नाही, हे सिद्ध करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. न्यायाधीश झाल्यावर ते सरळपणे निकाल देत. पण पुस्तिकेतल्या दहा ओळी कोण विसरतो?

तर असा हा दगड पाझरला! संध्याकाळपर्यंत ही बातमी गावातल्या प्रत्येक वकिलाकडे पोहोचली.

साहेबांना मात्र दुसरीच चिंता होती. त्यांनी शेजारच्या खोलीत बसणाऱ्या लघुलेखिकेला, ग्वेन प्यूला, बोलावून घेतलं. ग्वेन सदतीस वर्षं न्यायालयात बोललेला शब्दन् शब्द टिपून घेत होती.

"ग्वेन, मघाशी माझ्या तोंडून काहीतरी गेलं. ते लिहिलंयस का?"

"लिहिलंय की. 'आई आई गं. अरे देवा. नाही सहन होत.' उद्गारचिन्हं घालू का, एवढंच विचारायचं होतं."

"त्याच्या आधी तुला आणखी काही ऐकू आलं का?"

"धप् असं आलं."

"मग ते नाही लिहिलंस?"

"मी शब्द लिहिते, साहेब," ग्वेन शांतपणे म्हणाली. "धप् हा शब्द नाही. तुम्ही सांगत असाल तर लिहिते, 'न्यायाधीश पडले'. पण मग का पडले, तेही तुम्हीच सांगायचं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भर सुनावणीत डुलकी लागली, हे वरच्या कचेरीला कळलं तर चौकशी ठरलेली. "राहू दे," ते म्हणाले. खुर्चीत बसायला गेले आणि बसलेच नाहीत.

त्या रात्री ते उभ्याने जेवले.

"टॅड, बस ना," त्यांची बायको लॉरेटा म्हणाली.

"उभ्याने पचन चांगलं होतं."

"झोपणारही उभ्यानेच का?"

"पालथा झोपेन म्हणतो. पाठीला बरं."

लॉरेटाने चाळीस वर्षं या माणसाशी संसार केला होता. ती फक्त "हं" म्हणाली आणि बर्फाची पिशवी मुद्दाम समोरच ठेवून गेली.

पुढच्या आठवड्यात गोष्टी आपसूक घडत गेल्या, स्वप्नात घडतात तशा. सोमवारी जखमी कामगारांच्या तीन वकिलांनी आपले खटले कोवालेक साहेबांपुढेच यावेत असे अर्ज केले. मंगळवारी कामगार संघटनेने वार्षिक सहलीला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. बुधवारी विमा कंपन्यांतल्या जुन्या मित्रांनी त्यांना आपल्या बोलिंगच्या संघातून काढून टाकलं. ("बरंच झालं," साहेब मनाशी म्हणाले. ते जड गोळे आता उचलतो कोण?) चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, विकणाऱ्या बायकांनी त्यांना बशीत दोन जास्त घातल्या. एकीने डोळे पुसत म्हटलं, "साहेब, गरिबाचं दुःख तुम्हीच जाणलंत." साहेब हळवेपणाने मान हलवून उभ्यानेच खात राहिले. त्यामुळे ते फारच विनम्र आहेत, असाही बोभाटा झाला.

हे सगळं एका परीने गोड होतं. साहेब दिवसभर त्या धुक्यात तरंगत असत. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांच्याकडे बघून हसत होते.

शुक्रवारी अर्ज आला. विमा कंपनीची वकील मेरेडिथ स्टाल हिने लिहिलं होतं, की न्यायाधीशांनी भर सुनावणीत कामगाराच्या बाजूने विलाप केला असल्यामुळे त्यांनी या खटल्यातून दूर व्हावं.

मेरेडिथ एकेकाळी कोवालेकांच्याच हाताखाली शिकलेली. पडलेल्या माणसाला कोणते प्रश्न विचारायचे, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

साहेबांना आधी हायसं वाटलं. खटला सोडला, की विलापाचाही विषय संपला आणि माकडहाडाचाही. सही करायला त्यांनी पेन उचललं आणि सवयीने खटल्याचे कागद एकदा चाळले.

वांडा साबोल, वय त्रेपन्न. प्रेट्झेल नावाच्या खाऱ्या, पीळदार बिस्किटांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं नोकरी. मे महिन्यात उंच स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडलं. मुकादमाला तिने ते नऊ दिवसांनी सांगितलं. कंपनीचं म्हणणं, खरोखर कामावर पडलेला माणूस नऊ दिवस गप्प बसत नाही. बाई घरीच पडली असणार. मेपासून पगार बंद. खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेला, तर सगळं पहिल्यापासून. आणखी सात-आठ महिने.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

सोमवारी सुनावणी सुरू झाली. या वेळी कॅमेरे चालू ठेवा, असं साहेबांनीच सांगितलं होतं. पडद्यावर चार चौकटी होत्या: फॅब्रिझी, मेरेडिथ, ग्वेन, आणि स्वयंपाकघरात बसलेली वांडा साबोल. साहेब उभे होते.

"साहेब," फॅब्रिझी भावुक होऊन म्हणाले, "आपल्यासारख्या कोमल हृदयाच्या..."

"फॅब्रिझी, थांबा. माझं हृदय ठीक आहे. ग्वेन, लिही." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "त्या दिवशी मी विलाप केला नाही. मी पडलो."

"कुठे पडलात?" मेरेडिथने विचारलं. तिने सवयीनेच विचारलं.

"खुर्चीवरून. याच खोलीत."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"पडलात तेव्हा काय करत होता?"

साहेब लाल झाले. "होडीत होतो."

ग्वेनची बोटं क्षणभर थांबली. "होडीत," ती पुटपुटली आणि तिने लिहिलं.

"डोळा लागला होता," साहेब म्हणाले. "स्वप्न पडलं. वल्हं धरायला वाकलो. एकेचाळीस पानं होती हो!"

फॅब्रिझींचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांच्या वकिलीतल्या सर्वांत थोर क्षणाचा हा असा शेवट होत होता.

"मग हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत, सर?" मेरेडिथचा आवाज आता धारदार झाला होता. "अकरा दिवस गप्प का बसलात?"

"लाज वाटली," साहेब म्हणाले. "आणि वाटलं, सोमवारपर्यंत बरं होईल."

मेरेडिथने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपण नुकतंच काय सिद्ध केलं. तिने तोंड मिटलं. तिच्या चौकटीत बराच वेळ काहीच हललं नाही. सगळ्यांना वाटलं, इंटरनेट गेलं.

तेवढ्यात चौथ्या चौकटीतून, ज्या चौकटीने न विचारता बोलायचं नसतं तिथून, आवाज आला.

"माकडहाड का हो?"

"वांडाबाई, तुम्ही..." फॅब्रिझी म्हणाले.

"अहो, उभे आहेत बघा ना बिचारे कधीचे! बर्फ लावला का साहेब?"

"बायकोने लावला."

"डॉक्टर?"

"नाही गेलो."

"अकरा दिवस!" वांडाने पट्टा बांधलेला हात कपाळाला लावला. "मी तरी नऊच होते. मुकादमाला काय सांगणार होते मी? स्टुलावर बसून खिडकीतून बदकं बघत होते म्हणून? रांगेने चालली होती, दक्षिणेला. मीही गेले त्यांच्याबरोबर. स्टूल तेवढं मागे राहिलं."

"दक्षिणेला? मे महिन्यात?" मेरेडिथ चटकन म्हणाली.

"वाट चुकली असतील," वांडा म्हणाली. "म्हणून तर बघत बसले."

ग्वेन खाली मान घालून लिहीत होती. तिचे खांदे हलत होते.

मेरेडिथने दहा मिनिटं मागितली. ती फोनवर कंपनीशी काय बोलली, ते कुणालाच कळलं नाही. पण परत आली तेव्हा तिने अर्ज मागे घेतला आणि कंपनी वांडाबाईंची दुखापत मान्य करते आहे, मेपासूनची भरपाई देईल, असं एका दमात सांगून टाकलं. फॅब्रिझींनी दोन्ही हात वर केले. एका हाताचा धक्का लागून त्यांची कॉफी सांडली आणि त्यांची चौकट तपकिरी झाली. वांडाने पदरासारखं अॅप्रन डोळ्यांना लावलं, आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"सुनावणी संपली," साहेब म्हणाले. चौकटी एकेक करून विझल्या. एक मात्र उरली.

"वांडाबाई, जा तुम्ही आता. झालं सगळं."

"माझं झालं. तुमचं राहिलंय," ती म्हणाली. "वरच्यांना कळवा आधी. आजच्या आज. अंगाला लागलेलं लपवायचं नसतं हो. लावा फोन, मी बसलेय इथे."

बावीस वर्षं वकिली आणि चौदा वर्षं न्यायदान केलेल्या कोवालेक साहेबांनी निमूटपणे फोन लावला. वरिष्ठ न्यायाधीश इर्मा हेस पलीकडून म्हणाल्या, "बोल टॅड."

साहेबांनी सांगितलं. खुर्ची, वार, वेळ, हाड. होडीसुद्धा सांगितली. पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत होता.

"आणि इतके दिवस कळवलं का नाहीस?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. वांडा जोरजोराने हात हलवत होती. "सोमवारचं सांगू नका!" ती कुजबुजली. "खरं असलं तरी नका सांगू! कुण्णी विश्वास ठेवत नाही!"

पण साहेब इतक्या वर्षांत खोटं बोलायला शिकले नव्हते. दुसऱ्याचं खरं खोटं ठरवायला तेवढं शिकले होते.

"वाटलं, सोमवारपर्यंत बरं होईल," ते म्हणाले.

पलीकडचं पेन थांबलं. मग इर्माबाईंनी एक लांब सुस्कारा सोडला.

"अरे टॅड," त्या म्हणाल्या, "असं सगळेच म्हणतात."