दीड पोळीची मुलगी

विद्याधर टिपणीसांनी दार उघडलं ते अर्धंच. मुलुंडच्या त्या ब्लॉकचं दार अनोळखी माणसासाठी पूर्ण कधीच उघडत नसे. विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. गोदामाला आग लागली म्हटलं की काडी कोणी ओढली, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा आणि घरी आल्यावरही तो सुटत नसे. दूधवाल्याने 'नमस्कार' म्हटला तरी आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय, असं त्यांना वाटायचं.

बाहेर एक चष्मेवाली बाई उभी होती. खांद्याला शबनम पिशवी आणि हातात तराजू.

"रद्दी नाहीये," विद्याधर म्हणाले.

"मी रद्दीवाली नाही. मृणालिनी. आहार पाहणीसाठी आलेय, सरकारकडून. तीन दिवस तुमच्या घरात काय शिजतं आणि कोण किती खातं, ते वजन करून बघायचंय."

"कशासाठी?"

"सातव्या पंचवार्षिक योजनेसाठी. लोक काय खातात ते कळलं तरच देशात डाळ किती पिकवायची, तेल किती मागवायचं, ते ठरवता येईल ना!"

"म्हणजे दिल्लीत बसलेले लोक माझी कणीक मोजायला बाई पाठवतात? मला काय शेंडी लावता?"

तिने ओळखपत्र पुढे केलं. विद्याधरांनी ते उजेडात धरून, उलटंपालटं करून बघितलं. फोटो तिचाच होता, शिक्का ठसठशीत होता. त्यामुळे तर त्यांचा संशय आणखीच बळावला. खरे शिक्के नेहमी पुसट असतात, हा त्यांचा खात्यातला अनुभव होता. "राहता कुठे?" त्यांनी विचारलं.

"बोरिवलीला."

बोरिवली म्हटल्याबरोबर विद्याधरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी दार सताड उघडलं. "या ना, आत या! बाहेर काय उभ्या राहिलात?"

त्याला कारण होतं. त्यांची मुलगी अनुपमा हिच्यासाठी बोरिवलीच्या चौबळांचा नंदकिशोर सांगून आला होता. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता आणि येत्या रविवारी मंडळी बघायला येणार होती. इथवर आलेलं हे पहिलंच स्थळ, त्यामुळे काही झालं तरी ते हातचं जाऊ द्यायचं नाही, असं विद्याधरांनी पक्कं केलं होतं. स्थळ आणणारी त्यांची धाकटी बहीण सुनंदा जाताना कानात सांगून गेली होती, "दादा, चौबळ पक्की माणसं आहेत हं. आडून चौकशी केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. कोण कधी येऊन घर बघून जाईल, तुला पत्ता लागायचा नाही."

विद्याधरांना मात्र पत्ता लागला होता. स्वयंपाकघरात शिरून ते बायकोच्या कानाशी कुजबुजले, "पद्मजा, चौबळांची हेर आलीय!"

"अहो, ती तर सरकारी म्हणतेय."

"म्हणणारच. हेर काय पाटी लावून फिरतात? तू बघत राहा, आता ती अनूचं वय विचारते की नाही."

मृणालिनीने वय विचारलं. मग अनुपमाला भिंतीला उभी करून उंची मोजली, काट्यावर उभी करून वजन घेतलं, उपास करतेस का, काय आवडतं, बाहेरचं खातेस का, तेही विचारलं. प्रत्येक प्रश्नागणिक विद्याधर बायकोला डोळ्यांनी खुणावत होते. अठ्ठावन्न किलो हा आकडा ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला.

अनुपमाचं जेवण दणदणीत होतं. वालाचं बिरडं असलं की सहा पोळ्या कुठे जात ते तिलाही कळत नसे. वाल सोलण्यापासून ताट घासण्यापर्यंत सगळं ती आनंदाने करायची, आणि खायचीही तितक्याच आनंदाने. पण हे चौबळांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील? विद्याधरांनी मुलीला बाल्कनीत गाठलं.

"हे बघ अनू, ही बाई आहे तोवर दीड पोळीच्या वर जायचं नाही."

"दीड? बाबा, मी मरेन!"

"लग्नानंतर हवं तेवढं खा."

"आणि उरलेल्या पोळ्यांचं काय? ती कणीक मोजून घेतेय."

हा मुद्दा बिनतोड होता. कणीक मोजलेली, पोळ्या मोजलेल्या आणि शिळं उरलं तर ते घर उधळं ठरणार. अखेर विद्याधरांनी छातीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "माझ्या पानात वाढा." मुलीसाठी बाप काय काय गिळतो ते पोरींना कळत नाही, असंही त्यांना त्या क्षणी वाटून गेलं.

पद्मजाबाईंनी आपल्या परीने घराण्याची शान राखायचं ठरवलं. पहिल्या दिवशी बिरडं, दुसऱ्या दिवशी कोलंबीची खिचडी, वर बासुंदी. मृणालिनी तराजूत वाटी ठेवायची, आकडा टिपायची आणि विचारायची, "हे रोजचंच?"

"रोजचंच हो," पद्मजाबाई सांगायच्या. "आज तर अगदी साधं केलंय."

विद्याधर समोर बसून सातवी पोळी तुपाशी ढकलत असायचे. एरवी दोन फुलक्यांवर थांबणारा माणूस, पित्ताचा त्रास जन्माचा. ढेकर आला तरी ते हसत होते. शेजारी अनुपमा दीड पोळीचे चिमणीएवढे घास करून, बासुंदीच्या पातेल्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसायची.

"हिला एवढंच?" मृणालिनीने विचारलं.

"तिची भूकच तेवढी," विद्याधर अभिमानाने म्हणाले. "मुलगी नाहीच म्हणा, पाखरू आहे पाखरू."

मृणालिनीने चष्म्यावरून पाखराकडे बघितलं. अठ्ठावन्न किलोचं पाखरू दीड पोळीवर कसं जगतं, हे तिला काही केल्या पटेना. तिसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर ती जायला निघाली, तर अनुपमा जिन्यात कठडा धरून बसलेली. "काही नाही, जरा गरगरलं," म्हणाली. मृणालिनीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तीन दिवस विद्याधर तिच्यावर संशय घेत होते. आता तो संशय तिने उचलला, आणि तो थेट विद्याधरांवरच जाऊन बसला.

रविवारी चौबळ मंडळी आली. नंदकिशोर, त्याचे ताठ मानेचे वडील आणि आई जानकीबाई. सुनंदाही आली होती. जानकीबाई इतक्या गप्प होत्या की त्या आल्यात हे दोनदा बघून खात्री करावी लागत होती. पोह्यांच्या बश्या फिरल्या, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, तेवढ्यात बेल वाजली.

दारात मृणालिनी! विद्याधर ओळखीचं हसले. "या, या. तुमचीच मंडळी आलीत आत."

"माझी?"

"आता कशाला लपवायचं? नोकरी चोख केलीत हं तुम्ही."

मृणालिनी आत आली, पण चौबळांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. ती सरळ अनुपमासमोर खाली बसली आणि म्हणाली, "पाय पुढे कर बघू." तिने अंगठ्याने नडगी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"ह्या कोण?" चौबळांनी विचारलं.

"अहो, असं काय करता!" विद्याधरांनी डोळा मिचकावला.

चौबळांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "मी ह्यांना जन्मात बघितलं नाही."

विद्याधरांचं हसू जागच्या जागी गोठलं. मृणालिनी उठून उभी राहिली. "मी सरकारी नोकर आहे, कोणाच्या घरगुती गोष्टींत बोलू नये. पण दोन रात्री मला झोप नाही. ह्या घरात बासुंदी शिजते, कोलंबी शिजते, बाप सात सात पोळ्या तुपाशी खातो आणि पोरीला दीड! उपासमारीत अंगाला सूज येते आणि वजन भरल्यासारखं वाटतं. तेच बघायला आलेय मी."

सुनंदाच्या हातातली बशी तिरकी झाली आणि पोहे गालिच्यावर सांडले. चौबळ विद्याधरांच्या पोटाकडे बघू लागले. विद्याधरांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. गप्प बसावं तर बाप राक्षस, बोलावं तर मुलगी खादाड. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त एक आंबट ढेकर बाहेर आला.

"बास झालं!" अनुपमा ताडकन उठली. "मी सहा पोळ्या खाते. रोज! बाबांना वाटलं तुम्ही चौबळांकडून आलात, म्हणून मला उपाशी ठेवलं. माझ्या पोळ्या खाऊन त्यांचं पित्त उसळलंय, ते मोजा जरा!"

"सहा?" मृणालिनीचा विश्वास बसेना. "मला दाखव."

"आई, पान वाढ."

बघायला आलेल्या मंडळींसमोर टेबलावर अनुपमाचं पान मांडलं गेलं. पद्मजाबाई गरम पोळ्या आणू लागल्या आणि अनुपमा बिरड्याशी खाऊ लागली. तीन दिवसांची भूक होती, त्यामुळे तिने लाजबीज बाजूला ठेवली. नंदकिशोर आधी पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. तिसऱ्या पोळीला त्याने मान वर केली आणि पाचव्या पोळीला तो चक्क हसायला लागला. विद्याधरांनी मात्र डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, हे त्यांना दिसतच होतं.

सहावी पोळी संपल्यावर मृणालिनीने सुटकेचा श्वास सोडला. "ठणठणीत आहे मुलगी. माझंच चुकलं."

"पण हे बरोबर नाही," चौबळ घसा खाकरून म्हणाले. "आमच्याकडे बायका पुरुषांचं झाल्यावर बसतात. उरेल ते गोड मानून घेतात. आमच्या हिने कधी तक्रार केली नाही."

मृणालिनीने मान वळवून जानकीबाईंकडे बघितलं. तीन दिवस अनुपमाकडे बघत होती तसंच. मग जवळ जाऊन तिने हलकेच त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता. अनुपमासाठी आणलेली लोहाच्या गोळ्यांची पुडी तिने शबनममधून काढली आणि जानकीबाईंच्या हातात ठेवली. "रोज एक. जेवल्यावर घ्यायची. पण आधी जेवायचं."

जानकीबाई पुडीकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि अनुपमाच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"बिरडं आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

"अगं, आपल्याला निघायचंय," चौबळ म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी सूनबाईच्या शेजारी बसून जेवून येते." आणि अनुपमाकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "तू आलीस की मलाही पहिल्या पंगतीला बसता येईल गं."

चौबळ उभे होते ते खाली बसले. सुनंदाने पदराने डोळे टिपले. विद्याधरांना रडावं की हसावं कळेना. पोरीच्या ज्या भुकेपायी त्यांनी तीन दिवस पित्त सोसलं, त्याच भुकेने लग्न जमवलं होतं. ते भरल्या डोळ्यांनी मृणालिनीचे आभार मानायला वळले, तर ती आता तव्यासमोर घाम पुसत उभ्या असलेल्या पद्मजाबाईंकडे टक लावून बघत होती.

विद्याधर झटकन उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने पान घेतलं, त्यात बिरडं वाढलं आणि ते म्हणाले, "पद्मजा, तू बस बघू. राहिलेल्या पोळ्या मी करतो."

पद्मजाबाईंनी लाटणं हातातून सोडलं नाही. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत संशयाने न्याहाळलं.

"काय केलंयत तुम्ही?" त्यांनी विचारलं.