आप्पा काटदरे यांची चौथी मैना

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना एकच गाणं पाठ होतं. नीट बसा. मागच्या रांगेतल्याने नाकातलं बोट काढावं. गोष्ट सुरू झाली आहे.

गाण्याचं नाव होतं 'हादर जंगला'. ते सिंह म्हणायचा. त्याच्या बँडचं नाव 'डरकाळी'. सिंह पुढे उभा राहून आयाळ झटकायचा. रानडुक्कर मागे पोकळ ओंडका बडवायचं. आणि अगदी डावीकडे, जिथे प्रेक्षकांची नजर सहसा पोचत नसे, तिथे आप्पा काटदरे नावाचं एक साळिंदर आपले काटे वाजवायचं.

हो, काटेच. साळिंदराच्या पाठीवर लांबच लांब काटे असतात. आप्पा पंजा मागे वळवून ते छेडत आणि त्यातून सूर निघत. लांब काट्याचा सूर जाड, आखूड काट्याचा बारीक. शहरात याला गिटार म्हणतात आणि त्यासाठी आईवडिलांकडे हट्ट धरावा लागतो. आप्पांच्या ती अंगावरच उगवली होती.

आता सिंहाचा आवाज म्हणजे सिंहाचाच. तो लागला की आप्पांचे काटे आप्पांनाही ऐकू येत नसत. पण कार्यक्रमाच्या मध्यावर सिंह पाणी प्यायला जाई. तेवढ्या वेळात आप्पा एकटे वाजवत. तेव्हा प्रेक्षक काय करत? तेही पाणी प्यायला जात. काही जण त्याच्या उलट कामाला जात. हसू नका, तुम्हीही जाता.

म्हणून आप्पांनी बँडच्या बाहेर स्वतःचं वेगळं वाजवायला घेतलं.

ते टिकवायचं कसं, तर त्या जंगलात रेकॉर्ड नव्हत्या. मैना होत्या. कोऱ्या मैनेसमोर बसून वाजवायचं. तिच्या कानावर पहिल्यांदा जे पडेल तेच ती शिकते आणि मग जन्मभर तेवढंच म्हणते. एका मैनेत एकदाच काय ते भरतं. नंतर ते पुसता येत नाही आणि वर दुसरं काही मावत नाही.

आप्पांनी अशा तीन मैना भरल्या. पहिलीचं नाव 'बिळातलं ऊन'. दुसरीचं 'एकट्याने मुळं उकरताना'. तिसरीचं नुसतंच 'हं'.

या तीन मैनांवर जीव टाकणारी काही मंडळी जंगलात होती. त्यांनी 'आप्पा काटदरे एकलवादन रसिक मंडळ' काढलं. अध्यक्ष होते रेडकरसाहेब, म्हणजे एक रानरेडा. चिटणीस होत्या टिटवीबाई. मंडळाचा मुख्य नियम असा की 'हादर जंगला' गुणगुणणाऱ्याला प्रवेश नाही. रेडकरसाहेब चिखलात लोळताना तेच गुणगुणत, पण चिखलाला मंडळाचे नियम लागू नव्हते.

मंडळाची बैठक भरली की फांदीवर एक मैना बसवत. सगळे डोळे मिटत. मैनेने पहिला सूर काढला रे काढला की रेडकरसाहेब म्हणत, "इथे बघा, इथे काय केलंय!" मग काय केलंय यावर चर्चा होई. ती संपेपर्यंत मैना दमून झोपलेली असे.

दुसऱ्या मैनेला म्हणता म्हणता मध्येच उचकी लागे. मंडळाचा सगळ्यात लाडका भाग तो.

"या उचकीत जे आहे ना," रेडकरसाहेब म्हणत, "ते सिंहाला सात जन्मांत जमायचं नाही."

आप्पांनी एकदा संकोचत सांगितलं, "ती उचकी माझी नाही हो. त्या दिवशी मैनेने मिरची खाल्ली होती."

"कलावंताला स्वतःचं सगळंच कळतं असं नाही," टिटवीबाई म्हणाल्या. पुढच्या बैठकीला आप्पांना बोलावणं आलं नाही.

एकदा एक ससा भीतभीत म्हणाला, "मलाही 'बिळातलं ऊन' आवडतं." टिटवीबाईंनी मान वाकडी केली. "असं? पूर्वार्ध की उत्तरार्ध? आणि 'हं' कळलंय का तुम्हाला?" ससा जो पळाला तो थेट डरकाळीच्या कार्यक्रमात जाऊन बसला. मंडळाने हळहळ व्यक्त केली. या जंगलात चांगलं ऐकणारं कोणी उरलेलं नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. आणि खरं सांगतो मुलांनो, त्या मताने सगळ्यांना फार बरं वाटलं.

इकडे आप्पा म्हातारे झाले. काटे गळायला लागले. गळलेल्या जागी नवे येईनात. पंजा मागे वळवताना खांदा कुरकुरू लागला.

त्यातच आप्पांच्या घरच्या, माई, गेल्या. माई रोज दिवस कलला की बिळाच्या तोंडाशी येत आणि हाक मारत, "अहो, या आता." त्यातला 'या' लांब आणि जरासा वर जाणारा. 'आता' एकदम खाली, घरात शिरल्यासारखा. ती हाक जगात दोघांनाच ठाऊक होती. मारणारी गेली. ऐकणाऱ्याला आता रोज संध्याकाळी वाटू लागलं की ती आपल्यालाही नीट आठवेनाशी होणार.

म्हणून आप्पांनी उरलेल्या मूठभर काट्यांवर ती हाक शोधून काढली. एकेक सूर चाचपत, चुकत, परत मागे जात. एके दिवशी ती सापडली. आप्पा बिळात बसून रडले आणि मग उठून मंडळाकडे गेले.

"रेडकर, मला एक कोरी मैना पाहिजे," ते म्हणाले. "काटे आता आज आहेत, उद्या नाहीत. एवढं एक राहून गेलं तर गेलंच. मैना द्या, आणि थोडी शांतता द्या. बाकी काही नको."

रेडकरसाहेब उठून उभेच राहिले. "आप्पा! चौथी मैना! आम्ही तुमचा सत्कारच करतो."

"सत्कार नको हो. मैना पुरे."

"असं कसं? मैना भरायची आणि सत्कार नाही? लोक मंडळाला काय म्हणतील?"

"काळजी करू नका," टिटवीबाई म्हणाल्या. "कार्यक्रम अगदी आटोपशीर ठेवू."

मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मोठेपणी ते कानावर आलं की चपला हातात घ्या आणि पळत सुटा.

कार्यक्रम जांभळाखाली ठेवला. मंडळ झाडून हजर होतं. जंगलातली शेवटची कोरी मैना फांदीवर बसवली होती. तिच्या कानात नको ते शिरू नये म्हणून तिला पळसाच्या पानांची टोपी घातली होती.

"मी वाजवायला लागलो की टोपी काढा," आप्पांनी बजावलं. "त्याआधी नको."

"अर्थातच," टिटवीबाई म्हणाल्या. आप्पा आसनाकडे वळले, तशी त्यांनी ती काढली. शेजारच्या बगळ्याने डोळे मोठे केले तर म्हणाल्या, "प्रास्ताविकही संग्रही राहायला हवं. पुढच्या पिढ्यांना संदर्भ नको का?"

मग सत्कार झाला. माकडांनी गावातून आणलेली शाल होती, घोंगडीएवढी जाड. रेडकरसाहेबांनी ती आप्पांच्या पाठीवर घातली आणि मायेने चांगली दाबून बसवली. काटे शालीत घुसले. पंजात नारळ दिला. आता आप्पांना ना पाठ हलवता येईना, ना हात.

"रेडकर, ही शाल जरा..."

"शोभते! शोभते तुम्हाला!" रेडकरसाहेब म्हणाले आणि भाषणाला उभे राहिले.

"आप्पांना कोणीही ऐकत नव्हतं तेव्हापासून मी ऐकतोय," ते म्हणाले. "आजही त्यांना कोणी ऐकत नाही, हे आपलं केवढं भाग्य! उद्या सगळं जंगल ऐकायला लागलं तर आपण जायचं कुठे?" टाळ्यांनी जांभळं खाली पडली.

मग टिटवीबाई बोलल्या. "डरकाळी या बँडविषयी मी आज एक अक्षरही काढणार नाही," अशी त्यांनी सुरुवात केली आणि पुढे दुसऱ्या कशाविषयीच बोलल्या नाहीत. सिंहाची आयाळ झाली, सिंहाचा सूर झाला, सिंहाच्या प्रेक्षकांची अभिरुची झाली.

हे चालू असताना आप्पांची नजर फांदीवर गेली. मैनेच्या डोक्यावर टोपी नव्हती. मैना मान तिरकी करून लक्ष देऊन ऐकत होती.

"अहो, मैना! मैनेची टोपी!" आप्पा कळवळून म्हणाले.

"मनोगत शेवटी," टिटवीबाईंनी त्यांना दटावलं.

शेवट आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आप्पा उठले. नारळ खाली ठेवला. कुरकुरणारा खांदा मागे वळवला आणि काटा छेडला.

भद्.

पुन्हा छेडला. पुन्हा भद्.

"शाल काढा हो," आप्पा म्हणाले. "कोणीतरी शाल काढा."

"काय हा विनय!" बगळा पुटपुटला. मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"सत्काराची शाल अशी लगेच उतरवत नसतात, आप्पा," रेडकरसाहेबांनी समजूत घातली.

"अहो, वाजत नाहीये! हिची हाक आहे हो त्यात. शाल काढा, शाल काढा."

आप्पांचा आवाज असा काही फुटला की रेडकरसाहेबही धावून आले. मनाने वाईट नव्हते बिचारे. त्यांनी शालीचं टोक शिंगात धरलं आणि आपल्या सगळ्या प्रेमानिशी हिसडा दिला. मुलांनो, रेड्याचं प्रेम आणि त्यात हिसडा. शाल निघाली. शालीबरोबर उरलेले सगळे काटेही निघाले.

आप्पांनी पंजा मागे नेला. पाठ सपाट लागली. मंडळ गप्प झालं. आप्पांनी मागितली होती ती शांतता आता आली होती. आप्पा बराच वेळ तिच्यात उभे राहिले.

"आभारप्रदर्शन राहिलंय," टिटवीबाई म्हणाल्या.

चौथी मैना मात्र भरली. आजही ती म्हणते. आधी रेडकरसाहेबांचं भाग्य, मग टिटवीबाईंचं 'एक अक्षरही काढणार नाही', मग भद्, भद्, आणि शेवटी "शाल काढा हो, शाल काढा." मंडळाच्या मते आप्पांचं हे सर्वोत्तम काम आहे. 'भद्'ला मंडळात 'परिपक्व सूर' म्हणतात. "यात वाद्य जवळजवळ नाहीच," रेडकरसाहेब डोळे पुसत सांगतात. "केवढा त्याग!" काट्यांसकट ती शाल जांभळावर टांगली आहे. येणारे-जाणारे तिला नमस्कार करतात.

आप्पा बिळात बसून राहिले. तोंडाने ती हाक गुणगुणून पाहिली. काट्यांच्या आधाराशिवाय 'या' कुठवर न्यायचा ते कळेना. दोनदा चुकला. आप्पांना फार भीती वाटली.

मग एक दिवस रानडुक्कर आलं. "आप्पा, उद्या पाणवठ्यावर डरकाळी आहे. राजांनी बोलावलंय."

"अरे, माझे काटे गेले."

"मग काय झालं? आजवर कोणाला ऐकू येत होते?" डुक्कर अगदी सरळ मनाने म्हणालं. "बोरूच्या काड्या बांध पाठीला. लांबून दिसायला पुरे."

आप्पांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. काड्या बांधून ते गेले.

मंडळात हाहाकार उडाला. "विकला गेला!" टिटवीबाई किंचाळल्या. चौथ्या मैनेनंतरच्या आप्पांना मंडळ मानत नाही, असा ठराव तिथल्या तिथे झाला.

पाणवठ्यावर सिंह गरजला. जंगल हादरलं. ससा पहिल्या रांगेत नाचला. मध्यावर सिंह पाणी प्यायला गेला आणि प्रेक्षक नेहमीप्रमाणे पांगले. आप्पा काड्या लावून एकटे उभे राहिले.

आता ऐकायला कोणी नव्हतंच. तेव्हा त्यांनी तोंडानेच म्हटलं, "अहो, या आता." 'या' जरा डळमळला. मग हळूहळू वर गेला, तिथे थांबला, आणि 'आता' घरात शिरला.

पाण्यावर वाकलेल्या सिंहाने मान वर केली. मिशांतून पाणी गळत होतं.

"आप्पा, हे नवीन दिसतंय."

"हो, राजे."

"'बिळातलं ऊन' जिथे संपतं, तिथून हे निघतं. पण वर जातं. तेव्हा तू वर नव्हता गेलास."

आप्पा बघतच राहिले. "तुम्ही ते ऐकलंय?"

"सगळं ऐकलंय. अरे, घोटभर पाणी प्यायला कोणाला एवढा वेळ लागतो का?" सिंहाने मिशा पुसल्या. "मी पुढे उभा असलो की तुझं ऐकू येत नाही. म्हणून जातो. ही हाक कोणाची?"

"हिची. माईंची."

सिंह परत पाण्यावर वाकला. "मग पुन्हा म्हण. माझी तहान अजून भागलेली नाही."

आप्पांनी पुन्हा म्हटलं. आणि तिसऱ्यांदा सिंहानेही त्यांच्याबरोबर हळूच म्हणून पाहिलं. सिंहाचं हळूच ते! डोंगरापलीकडे ऐकू गेलं. जंगलभर जो तो हातातलं काम टाकून घराकडे बघायला लागला. का, ते कोणालाच कळलं नाही.

चिखलात लोळणाऱ्या रेडकरसाहेबांच्या कानावरही ते पडलं. "काय हा डरकाळीचा सवंगपणा!" असं म्हणून ते उठले आणि कान झाकून चौथी मैना ऐकायला निघून गेले.

तात्पर्य : कलावंताच्या एकट्याच्या वादनावर खरं प्रेम असेल तर मंडळ काढावं, भाषण करावं, शाल घालावी आणि ती चांगली दाबून बसवावी. यातलं काहीच ज्याला जमत नाही, त्याने नुसतं पाणी पीत बसावं.