आप्पांचा तिसरा गिअर

आप्पांच्या गाडीत बसायचं तर एकच अट: गाडी तिसऱ्या गिअरला आली की गप्प बसायचं. तुम्ही सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगत असा, नाहीतर निवडणुकीचं, आप्पा डावा हात वर करणार. "थांबा! बोलती बघा." मग गाडीच्या पोटातून घर्रर्र सुरू होतं. आपण ते भक्तिभावाने ऐकायचं आणि चौथा पडला की पुन्हा सासऱ्यांकडे वळायचं.

आप्पा वरवंडला माझे शेजारी. सणसवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या गाडीनेही खरं तर तेव्हाच निवृत्त व्हायला हवं होतं.

गिअरबॉक्सचं दुखणं शोधण्यासाठी आप्पांनी गावातलं कुणी सोडलं नाही. गुरांच्या डॉक्टरांनासुद्धा चौफुल्यापर्यंत फिरवून आणलं. "पोट फुगलंय," एवढं निदान करून ते बिचारे तिथूनच एसटीने परत आले. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून आप्पांनी ट्रॅक्टरचं जाड ऑइल ओतलं. आवाज दबला, पण थंडीत सकाळी गिअरच पडेना. आम्ही दोघं मिळून दांडा ओढायचो. "लावा जोर सर, लाजू नका!" शेवटी ते ऑइल काढून टाकलं आणि आवाज परत आला, तेव्हा आप्पा असे खुलले की जणू लेक माहेरी आली.

घरात आप्पा आणि काकू, दोघंच. काकूंना काही वर्षांपासून ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून काकूंनी कपाटात टाकलं. दाराची बेल, फोन, आप्पांच्या हाका, सगळं वाया. त्यामुळे आप्पांच्या दिवसभराच्या गप्पा माझ्याशी, नाहीतर गाडीशी.

गेल्या महिन्यात गाडी न्यूट्रललाही ओरडायला लागली. क्लच दाबला की गप्प, सोडला की सुरू. मग मात्र मी हट्टाने आप्पांना शिरूरला शकीलच्या गॅरेजवर नेलं. शकीलने एक चक्कर मारली आणि हात पुसत सांगितलं, "आप्पा, बेअरिंग गेलंय. फुटलं तर बॉक्स जाम व्हईल, आन् हायवेला मागचा ट्रक काय थांबायचा न्हाई. तिसऱ्याचे दातबी झिजल्यात. दोन्ही बदलतो. नव्या गाडीवानी गप चालंल."

आप्पांचा चेहरा पडला. "बेअरिंग बदल. तिसऱ्याला हात लावू नको."

"अवो, बॉक्स खोलणारच हाय तर..."

"सांगितलं ना!"

मी चिडलोच. "आप्पा, तुमच्या त्या तिसऱ्यापायी अख्खी गल्ली दमलीय. हा काय हट्ट?"

आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "सर, आमच्या हिला माझी हाक येत न्हाई ऐकू. ह्यो घर्रर्र तेवढा येतो. गल्लीत शिरताना मी मुद्दाम तिसरा टाकतो. मग ती दारात येती."

शकीलच म्हणाला, "दात ऱ्हाऊ द्या मग. आवाज करत्याल, पर धोका न्हाई. फकस्त बेअरिंग बदलल्यावर आवाज थोडा कमी व्हईल. काकूंना चालंल ना?"

आप्पांनी नुसती किल्ली त्याच्या हातात ठेवली.

दोन दिवसांनी गाडी घेऊन निघालो. वरवंड आलं. गल्ली आली. त्यांनी तिसरा टाकला. घर्रर्र झालं, पण पूर्वीच्या निम्मंच. दार बंदच. घर मागे गेलं तरी दार बंद.

"वाऱ्यामुळं असंल," आप्पा म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

"आणखी एक चक्कर मारू," मी म्हणालो.

देवळाला वळसा घालून आम्ही पुन्हा गल्लीत शिरलो. पुन्हा तिसरा. या खेपेला मीही श्वास रोखून त्या खराब गिअरसाठी देवाला हात जोडत होतो. आणि कडी वाजली. पदराला पीठ पुसत काकू पायरीवर आल्या.

"आज लई हळू बोलली वो," त्या काळजीने म्हणाल्या. "बरी हाय न्हवं गाडी?"

"बरी हाय! एकदम बरी हाय!" आप्पा इतक्या जोरात ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. काकूंना त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही, पण आप्पांच्या चेहऱ्याकडे बघून त्या हसल्या आणि गाडी आत घ्यायला त्यांनी फाटक उघडलं.