काळ्या-पांढऱ्या कपड्यांची बस

शनिवारी सकाळी सात वाजता कॉलेजच्या गेटसमोर बस लागेल, नवीन विद्यार्थ्यांनी काळ्या-पांढऱ्या कपड्यांत यावं, तळ्याकाठी स्वागताचा कार्यक्रम आहे, गैरहजर राहणाऱ्यांनी लेखी कारण द्यावं, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. एसिनामने तो इतक्या वेळा वाचला होता की घडीच्या जागी तो फाटायला आला होता. आणि शनिवारी सात वाजता गेटसमोर बस उभी होती. आत झाडून सगळे काळ्या-पांढऱ्यात. चूक व्हायला कुठे जागाच नव्हती. एसिनाम कागद हातात घट्ट धरून चढली.

एसिनाम चोवीस वर्षांची. समुद्रकाठच्या केटा गावाहून इतक्या लांब, कुमासी शहरात, शिक्षिका व्हायला आलेली. पाठीवर नऊ महिन्यांची सेलासी बांधलेली. सोमवारी आठला पहिला तास होता. तोवर पोरीला सांभाळणारं माणूस मिळालं नाही, तर सासूबाई येऊन नातीला केटाला घेऊन जाणार होत्या. परत कधी आणणार, याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

आठवडाभरात एसिनामने तीन बायका पाहिल्या. एकीला खोकला होता. दुसरीच्या दारात उघडं गटार होतं. तिसरीत काही केल्या दोष सापडेना, म्हणून तिच्यावर विश्वास बसेना.

"ये गं, इथे बस," खिडकीजवळच्या एका म्हातारीने जागा करून दिली. "मी सेर्वा. सगळे आजीच म्हणतात."

एसिनामने बसभर नजर फिरवली आणि तिला हायसं वाटलं. वर्गात आपणच थोराड दिसू, अशी तिला धास्ती होती. इथे तर निम्म्यांचे केस पिकलेले.

"तुम्हीपण यंदाच का, आजी?"

"छे गं! या महिन्यातलं हे तिसरं. गुडघे नको म्हणतात. पण आपण नाही गेलो तर आपल्या वेळेला कोण येणार?"

एका महिन्यात तीन कॉलेजं! या वयात ही जिद्द! एसिनामला स्वतःचीच लाज वाटली. मागून चर्चची गाणी सुरू झाली. कॉलेज धार्मिक वळणाचं दिसतंय, तिने मनात नोंद केली. आजीचा चेहरा असा होता की समोरच्याने बोलत सुटावं. तासाभरात एसिनामने खोकला, गटार, सासूबाई, सगळं सांगून टाकलं. सेलासी आजीच्या कानातल्या रिंगेशी खेळत होती.

"उतरताना पडशील, दे तिला इकडे," आजी म्हणाली आणि पोरीला घेऊन उतरलीसुद्धा.

मांपोंग गावात तळं कुठेच दिसेना. दिसला तो काळा-पांढरा मांडव, शेकडो खुर्च्या, आणि मधोमध पुरुषभर उंचीचा एका म्हातारीचा फोटो. 'नाना आफुआ पोकुआ, वय एक्क्याण्णव.' इकडे मानाच्या आजीला नाना म्हणतात. कॉलेजच्या संस्थापिका असाव्यात, एसिनामला वाटलं. मग फोटोखाली रचलेली फुलांची चक्रं दिसली.

आपण कुणाच्या तरी मयताला आलो होतो.

आल्या पावली निघून जाणं सोपं होतं. पण सेलासी? आजीच्या हातून ती एका लठ्ठ बाईकडे गेली होती, तिथून तिच्या बहिणीकडे, तिथून टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे. एसिनाम लांबून हात मोजत होती. अकरा झाले. त्यातले धुतलेले किती, देव जाणे. बाराव्या हातांनी पोरीला थेट पहिल्या रांगेत, घरातले वडीलधारे ओपोकू काका बसले होते, त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

तिथवर पोचायचा रस्ता एकच होता. उजवीकडून सुरुवात करून बसलेल्या एकूणएक माणसाचा हात हातात घेत पुढे सरकायचं. एसिनाम रांगेत शिरली. पुढे काळा हेडस्कार्फ बांधलेली एक उंच पोरगी होती आणि ती हुंदके देऊन रडत होती. सख्खी नात असणार. तिला सगळे रिवाज माहीत असणार. ती वाकली की एसिनाम वाकली. तिने डोळ्यांना हेडस्कार्फचं टोक लावलं की एसिनामनेही पाठीवरच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं. पोरगी मधूनच मागे वळून बघायची. ही उपरी कोण घुसली, हेच बघत असेल! एसिनामला भीतीने खरंच रडू फुटलं.

ओपोकू काकांपाशी पोचल्यावर तिने सेलासीसाठी हात पुढे केले. काकांना वाटलं, हस्तांदोलन. त्यांनी हात धरला तो सोडेचनात.

"ही लेक तुझी? कपाळ बघा रे हिचं! नानाचंच कपाळ!"

"हुबेहूब!" शेजारची मावशी पुढे वाकली. "आणि हनुवटी?"

"कुठून आलीस पोरी?"

"केटाहून," एसिनामच्या तोंडून खरं तेच निघालं.

"बघा! म्हटलं नव्हतं? नानाची धाकटी तिकडेच दिली होती ना! वीस वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आज लेकीला पाठवलं!"

"अहो काका, पण मी..."

"काही बोलू नकोस. आलीस, आम्ही भरून पावलो."

सेलासीला फोटोखाली बसवलं. "चौथी पिढी!" कुणीतरी ओरडलं आणि आठ-दहा मोबाइल वर झाले. सेलासी फुलाची एक पाकळी खात होती. एसिनाम ती काढायला धावली, तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "नाती कुठे गेल्या सगळ्या? पाहुण्यांना पाणी कोण देणार?"

मावशीने एसिनामच्या हातात पाण्याच्या बाटल्यांचं खोकं दिलं, दुसरं त्या हेडस्कार्फवालीच्या. पाणी झालं, भात झाला, मग पुन्हा पाणी. दुपारपर्यंत दोघी पाय तुटेस्तोवर धावत होत्या. एसिनामची मान मात्र सतत वळलेली. सेलासी मांडीवरून मांडीवर फिरत होती आणि आठ दिवसांत हसली नव्हती इतकी हसत होती.

अखेर भाताच्या पातेल्यांमागे दोघी टेकल्या. पोरगी पुन्हा मुसमुसू लागली.

"फार जीव होता का गं तुझा आजीवर?" एसिनामने हळूच विचारलं.

"कुणाच्या आजीवर?"

"तुझ्या. नानांवर."

"माझी आजी तिकडे गावी, येंडीत, ठणठणीत आहे!" पोरीने नाक पुसलं. "मी राहिनातू. कॉलेजच्या बसमध्ये म्हणून चढले आणि इथे येऊन पडले. आमच्याकडे मयताची अशी पद्धत नाही गं. काय करायचं कळेना. तू मागे दिसलीस, म्हटलं ही सख्खी नात, हिच्याकडे बघून करू."

"माझ्याकडे बघून?" एसिनामने तोंडावर हात ठेवला. "अगं, मी तुझ्याकडे बघून रडत होते!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. दोघींनी कापडात तोंडं खुपसली. खांदे गदगदा हलत होते. येता-जाता एक मावशी दोघींच्या पाठीवरून हात फिरवून गेली. "रडा गं पोरींनो, मोकळ्या व्हा."

परतीच्या बसमध्ये सेलासी सेर्वा आजीच्या पाठीवर गाढ झोपली होती. एसिनामला राहवेना.

"आजी, एक सांगायचंय. मी तुमच्यातली कुणी नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू चढलीस तेव्हापासून. कॉलेजचा कागद हातात धरून मयताला कोण जातं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या कॉलेजची बस मागे येऊन लागली, तेव्हा बोलणारच होते. पण गाडी सुटली. आणि आठ दिवसांत तुला कुणी जेवतेस का म्हणून विचारलेलं दिसेना." आजीने पोरीची मान सरळ केली. "मयताला माणूस जास्त झालं तर बिघडतं काय? ते जाऊ दे. सोमवारी साडेसातला हिला आणून सोड. गेटमागची गल्ली, निळा दरवाजा."

एसिनामने काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"झाकलेलं आहे," आजी म्हणाली. "गटार."

सोमवारी साडेसातला एसिनामने निळा दरवाजा वाजवला. गटारावरची फरशी तिने पायाने दाबून पाहिली, ते सोडा. आठला ती वर्गात होती, आणि सासूबाई केटात.

तास संपल्यावर ऑफिसातल्या मॅडमनी तिला आणि राहिनातूला बोलावलं. समोर दोन कागद होते.

"शनिवारी गैरहजर. कारण, घरात मयत." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघींचं एकच कारण? एकाच घरातल्या का तुम्ही?"

खिडकीबाहेर रस्त्यापलीकडे सेर्वा आजी केळी घेत होती. तिच्या पाठीवरून एक इवलासा हात केळीवाल्याची टोपी ओढत होता.

"हो मॅडम," एसिनाम म्हणाली.

"नातं काय?"

एसिनामने राहिनातूकडे पाहिलं, राहिनातूने एसिनामकडे.

"ते अजून काका ठरवतायत," राहिनातू म्हणाली. "नानांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला बोलावलंय, तेव्हा कळेल."